सहा हजार गोळ्यांची परीक्षा

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांची पूजा होते, हे मी तुम्हांला सांगायला नको. शेतकरी विळा-कोयता धुऊन मांडतो, सुतार रंधा आणि पटाशी मांडतो, आणि ज्याच्या घरी पूर्वजांचे एखादे हत्यार असेल तो ते माळ्यावरून खाली काढतो. तेलाचे बोट फिरते, हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते आणि दसरा आटोपला की हत्यार पुन्हा माळ्यावर जाते.

मी लहान असताना आमच्या गावच्या एका वाड्यात असेच एक जुने पिस्तूल पाटावर मांडलेले पाहिले. मी धीर करून वाड्यातल्या आजोबांना विचारले, "आजोबा, हे उडतं का हो?" म्हातारबुवा म्हणाले, "उडायला काय झालं? माझ्या आज्याच्या हातून उडत होतं की!"

त्या वेळी मला हे उत्तर पटले. पुढे इतिहास शिकवू लागलो, तेव्हा त्यातली मेख ध्यानात आली. आज्याच्या हातून उडत होते, म्हणजे तेव्हाचे पिस्तूल, तेव्हाची दारू आणि आज्याचा हात या तिन्ही गोष्टी तेव्हा ठीक होत्या. आज त्यांपैकी कोणती ठीक आहे, हे कुणी पाहिले होते? भरवसा हा वारसाहक्काने मिळत नाही, तो दर पिढीला नव्याने कमवावा लागतो. ही गोष्ट एका मोठ्या सैन्याने रक्त सांडून आणि पैसा खर्चून कशी शिकून घेतली, त्याची हकीकत आज सांगायची आहे.

हकीकत सुरू होते फिलिपाईन बेटांत. १८९८ साली स्पेनने ही बेटे अमेरिकेच्या हवाली केली. ती देताना तेथल्या लोकांना कुणी विचारले नव्हते. साहजिकच १८९९ साली लढाई पेटली. उत्तरेकडची मोठी लढाई १९०२ पर्यंत चालली, पण दक्षिणेकडच्या मिंदानाव आणि सुलू या भागांतले मोरो लोक त्यानंतरही दहा-अकरा वर्षे झुंजत राहिले. हे मुसलमान धर्माचे लोक. स्पॅनिश सत्तेलाही त्यांनी शेकडो वर्षे दाद दिली नव्हती. त्यांच्या हातांत बारोंग आणि क्रीस अशी धारदार पाती असत, आणि दाट झाडीतून ते एकदम अंगावर धावून येत.

अमेरिकन शिपायांजवळ त्या वेळी ३८ मापाचे रिव्हॉल्व्हर होते. हे माप म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यांतले अडतीस. १८९२ साली सैन्याने जुने, जड, ४५ मापाचे रिव्हॉल्व्हर बाजूला सारून हे नवे, हलके आणि भराभर झडणारे हत्यार घेतले होते. नव्याचे नऊ दिवस बरे गेले. फिलिपाईन्समध्ये मात्र तक्रारी येऊ लागल्या, की गोळ्या लागूनही माणूस थांबत नाही, येतो तो येतोच. मग गोदामांत पडलेली जुनी ४५ मापाची रिव्हॉल्व्हरे पुसून पुन्हा शिपायांच्या हाती देण्यात आली.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक क्षण थांबले पाहिजे. 'माणूस थांबत नाही' ही तक्रार ज्याच्याबद्दल होती, तो माणूस आपली भूमी राखत होता. तेव्हा या हकीकतीतल्या पिस्तुलाचे कौतुक करताना ते कुणावर रोखले होते, हे आपण विसरू नये. पण हत्याराची परीक्षा कशी करावी हा प्रश्न त्या युद्धातून निघाला, आणि त्याचे उत्तर शोधण्याची जी रीत त्या लोकांनी बसवली ती मात्र समजून घेण्याजोगी आहे.

१९०४ साली दोन अधिकाऱ्यांकडे चौकशी सोपवण्यात आली. एक होते शस्त्रखात्याचे जॉन थॉम्प्सन, दुसरे लष्करी वैद्यक खात्याचे लुई लागार्द. एक हत्यारे जाणणारा, दुसरा जखमा जाणणारा. शिकागो शहरातल्या गुरांच्या मोठ्या बाजारात त्यांनी जिवंत जनावरांवर आणि शिवाय माणसांच्या प्रेतांवर निरनिराळ्या मापांच्या गोळ्या झाडून पाहिल्या. वाचतानाही अंगावर काटा येतो असे हे प्रयोग होते. त्यांतून त्यांनी निष्कर्ष काढला, की लष्करी पिस्तुलाची गोळी ४५ पेक्षा लहान मापाची नसावी.

हे वाक्य पुढे फार गाजले. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती पुष्कळांच्या लक्षात राहिली नाही. त्यांचे म्हणणे असे, की माणसाच्या शरीराचा बराचसा भाग असा आहे, जिथे गोळी लागली तरी तो तत्काळ थांबेल अशी आशा नाही. म्हणून ज्या शिपायाला पिस्तूल द्यायचे, त्याच्याकडून अचूक नेमबाजीची तालीम अखंड करून घ्यावी. म्हणजे पहा, गोळीचे माप ठरवायला नेमलेल्या मंडळींनीच सांगून ठेवले, की मापाने सगळे काम भागणार नाही, हात तयार पाहिजे.

आता दुसरा प्रश्न उभा राहिला. रिव्हॉल्व्हर घ्यायचे की नव्या तऱ्हेचे, आपले आपण भरून घेणारे पिस्तूल? दोहोंतला फरक थोडक्यात सांगतो. रिव्हॉल्व्हरला फिरते चाक असते आणि त्या चाकात काडतुसे बसवलेली असतात. एखादे काडतूस फुसके निघाले तरी शिपायाने पुन्हा चाप ओढावा, चाक फिरते आणि पुढचे काडतूस समोर येते. स्वयंभरणी पिस्तुलाची तऱ्हा निराळी. गोळी सुटली, की तिच्या धक्क्याने पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकतो. मागे जाताना एक आकडा रिकामे टरफल ओढून बाहेर टाकतो. मग स्प्रिंग तो भाग पुढे ढकलते, आणि पुढे जाताना तो मुठीतल्या पेटीतून, म्हणजे मॅगझिनमधून, नवे काडतूस उचलून नळीत बसवतो. एवढे सगळे पापणी लवते न लवते तोच होते.

यातले एक जरी काम चुकले, तरी पिस्तूल अडते. स्प्रिंग ढिली पडली, पेटीची कड वाकली, वाळूचा कण गेला, तेल वाळले, काडतुसात दारू कमी पडली, ही सगळी अडण्याची कारणे. आणि श्रोतेहो, एक कारण तर पिस्तुलाच्या बाहेरचे आहे. शिपायाने मनगट सैल धरले, तर धक्का हातातच जिरतो, वरचा भाग पुरता मागे जात नाही आणि टरफल मध्येच अडकून बसते. अशा वेळी बहुतेक लोक पिस्तुलाला शिव्या देतात! विहिरीवरचे इंजिन सुरू झाले नाही की आपण इंजिनाला नावे ठेवतो, आणि मग गडी येऊन डिझेलची तोटी उघडतो, त्यातलाच हा प्रकार.

यामुळे जुने घोडेस्वार या नव्या यंत्राकडे संशयाने पाहत. त्यांचा संशय वावगा नव्हता. तेव्हा सैन्याने वाद घालत बसण्याऐवजी परीक्षा लावली. १९०७ साली स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत निरनिराळ्या कारखान्यांची पिस्तुले मागवली. पुष्कळशी पहिल्या फेरीतच गळाली. अखेर सामना राहिला दोघांत, कोल्ट आणि सॅव्हेज. कोल्टचे पिस्तूल जॉन मोझेस ब्राउनिंग याने रचलेले. हा युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावचा, १८५५ साली जन्मलेला, बंदुका घडवणाऱ्याचा मुलगा. कारागिरी बापाच्या दुकानात शिकला.

पुढे सैन्याने जे केले ते मला फार शहाणपणाचे वाटते. प्रयोगशाळेतला निकाल लागला, म्हणून त्यांनी लगेच हजारो पिस्तुलांची मागणी नोंदवली नाही. दोन्ही कारखान्यांकडून प्रत्येकी दोनशे पिस्तुले घेतली आणि घोडदळाच्या तुकड्यांना वापरायला दिली. वापरा, घोड्यावर बसून झाडा, पावसात न्या, धुळीत न्या, आणि काय काय अडते ते लिहून कळवा! प्रयोगशाळेतला तज्ज्ञ पिस्तूल जपून हाताळतो. शिपायाच्या हातात ते पडते, आपटते, घामाने भिजते. त्याचे खरे अवगुण तिथेच बाहेर येतात.

तसे ते आले. ब्राउनिंगच्या पहिल्या नमुन्यात नळी पुढे आणि मागे अशा दोन दुव्यांवर झुलत असे. त्याने ती रचना बदलून एकच दुवा ठेवला. मूठ नीट आवळली नाही तर गोळी सुटू नये, अशी कळ मुठीच्या मागे बसवली. मुठीचा कोन बदलला. घोडेस्वाराचा एक हात लगामाला गुंतलेला असतो, त्याला एकाच हाताने भरलेले पिस्तूल निर्धोक करता आले पाहिजे, म्हणून अंगठ्याने फिरवायची कळ आली. पाठ्यपुस्तकात आपण 'ब्राउनिंगने पिस्तूल शोधून काढले' असे एका ओळीत लिहितो. खरे पाहता त्या पिस्तुलाचे निम्मे रचनाकार तक्रार लिहून पाठवणारे अनाम घोडेस्वार आहेत.

१९१० सालच्या नोव्हेंबरात पुन्हा मोठी चाचणी झाली. तीत दोन्ही पिस्तुले अडली, दोन्हींचे भाग मोडले. कोल्ट त्यातल्या त्यात बरे ठरले, पण 'त्यातल्या त्यात बरे' ही काही शिपायाच्या कमरेला लावायची वस्तू नव्हे. ब्राउनिंग पुन्हा कामाला लागला. जे भाग मोडले होते ते त्याने सुधारले.

मग आली १९११ सालच्या मार्च महिन्यातली शेवटची परीक्षा. एकेका पिस्तुलातून सहा हजार गोळ्या झाडायच्या. दर शंभर गोळ्यांनंतर पाच मिनिटे थंड होऊ द्यायचे आणि दर हजार गोळ्यांनंतर एकदा पुसून तेल द्यायचे. मध्ये दुरुस्तीच्या नावाखाली लाड नाहीत. नळी इतकी तापे, की पिस्तूल पाण्यात बुडवून निववीत, असे सांगतात. मोजणारे शेजारी बसून प्रत्येक अडणे टिपून ठेवीत होते. शेवटी आकडे पुढे आले. सॅव्हेज सदतीस वेळा अडले होते. कोल्ट एकदाही नाही. २९ मार्च १९११ रोजी ब्राउनिंगचे पिस्तूल सैन्याने स्वीकारले, आणि सालावरूनच त्याला '१९११' हे नाव पडले.

गुरुजी मंडळींसाठी इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्या शून्याचे मोल कशात आहे? ते चार वर्षांच्या नापासीनंतर आलेले शून्य आहे. प्रत्येक नापासी लिहून ठेवली गेली, लपवली गेली नाही, आणि म्हणून ती दुरुस्त झाली. पोराची चूक वहीत तांबड्या शाईने दाखवतो तो मास्तर त्याचा वैरी नसतो.

यानंतर सात वर्षांनी या पिस्तुलाच्या मागे उभा असलेला हात जगाला दिसला. ८ ऑक्टोबर १९१८ रोजी फ्रान्समधल्या आर्गोनच्या रानात अॅल्व्हिन यॉर्क नावाच्या अमेरिकन शिपायावर सहा जर्मन संगिनी रोखून धावून आले. यॉर्कने आपले '१९११' पिस्तूल काढले आणि आधी सर्वांत मागच्याला टिपले, मग त्याच्या पुढच्याला, असे करीत पुढे आला. आमच्याकडे रानटी टर्की पक्षी असेच टिपतात, असे त्याने पुढे सांगितले. मागचा पडला तर पुढच्यांना कळत नाही आणि थवा फुटत नाही. हा टेनेसीच्या डोंगराळ मुलखातला शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणापासून शिकारीवर वाढलेला. पिस्तुलाची परीक्षा सहा हजार गोळ्यांत झाली होती. हाताची परीक्षा पोरवयापासून चालू होती. त्या दिवशी दोन्ही भरवसे एकत्र आले. जे सहा जण पडले तेही कुणाच्या तरी घरचे होते. युद्धाच्या गोष्टीत ही बाजू आपण झाकू नये.

आता तुम्ही म्हणाल, एकदा परीक्षा झाली, शून्य चूक निघाली, संपले काम! पण तसे होत नाही. त्या शून्याचा अर्थ एवढाच, की ते पिस्तूल, त्या दिवशी, त्या काडतुसांनी, त्या हातांत अडले नाही. सैन्याने १९४५ नंतर या जातीची नवी पिस्तुले घेतलीच नाहीत, जुनीच खोलून आणि भाग बदलून वापरली. चाळीस वर्षांनी ती खिळखिळी झाली होती. नाव तेच, हत्यार मात्र तेच राहिले नव्हते. १९८५ साली त्यांच्या जागी इटलीच्या बेरेटा कारखान्याचे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल निवडले गेले. तेही रीतसर परीक्षा देऊन आले होते. तरी १९८७-८८ च्या सुमारास, भरपूर सराव करणाऱ्या तुकड्यांत काही पिस्तुलांचे वरचे सरकते भाग तडकले आणि झाडणाऱ्यांच्या तोंडाला जखमा झाल्या. कारणांवर पुष्कळ वाद झाला. तुटलेला भाग मागे उडू नये अशी सुधारणा शेवटी करावी लागली. आणि हे ध्यानात घ्या, की तडा आधी दिसला तो सर्वांत जास्त गोळ्या झाडणाऱ्यांना. जे पिस्तूल पेटीत पडून होते, त्याचा दोषही पेटीतच निजून होता.

आपल्या देशाशी या हकीकतीचा संबंध आहे. ब्राउनिंग १९२६ साली बेल्जममध्ये वारला. तो शेवटी ज्या नऊ मिलिमीटर पिस्तुलावर काम करीत होता ते इतरांनी पुरे करून १९३५ साली बाजारात आणले. त्याच घडणीचे पिस्तूल पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनू लागले आणि आपल्या सैन्यात व पोलिसांत आले. आणि काडतुसांचे म्हणाल, तर पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालापासूनचा आहे. पिस्तूल कितीही चांगले असो, काडतूस सर्दले तर सगळे फुकट. २०१९ साली बिहारमध्ये एका माजी मुख्यमंत्र्यांच्या अंत्यविधीला पोलिसांनी सलामीसाठी रायफली रोखल्या, तर त्या उडाल्याच नाहीत! ती सलामी होती म्हणून लाजेवर निभावले. जिवावरचा प्रसंग असता तर?

म्हणून ज्यांच्या नोकरीत हत्यार आहे, ते चांदमारीच्या मैदानावर नेमाने जातात. जो जाणता शिपाई असतो तो आपल्या मॅगझिनांवर आकडे घालून ठेवतो. कोणत्या पेटीने दगा दिला, किती गोळ्यांनंतर दिला, काडतूस कोणत्या खेपेचे होते, हे वहीत टिपतो. मग पिस्तूल अडले की त्याचा दोष काडतुसाचा, पेटीचा, स्प्रिंगचा की आपल्या मनगटाचा, हे त्याला सांगता येते. आणि अडलेच तर हात आपोआप पुढचे काम करतो, पेटी खालून ठोकून बसवतो, वरचा भाग मागे ओढून सोडतो. हा हात तालमीतून तयार होतो.

खेळातही हेच. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले. या स्पर्धांतून नेमबाजीत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. या खेळाच्या नियमांत एक मोठी न्यायाची तरतूद आहे. पिस्तूल अडले, तर पंच ते तपासतात. दोष यंत्राचा असेल तर खेळाडूला त्या फैरीची पुन्हा संधी मिळते. पण खेळाडूने पेटी नीट बसवली नव्हती, काडतूस भरले नव्हते किंवा सुरक्षेची कळ काढली नव्हती, असे निघाले, तर ती चूक त्याच्या माथी. यंत्राचा दोष कोणता आणि माणसाचा कोणता, याची अशी निवड आपण आपल्या घरच्या पंपाच्या, सायकलीच्या, फार काय शाळेच्या निकालाच्या बाबतीतही करू लागलो, तर पुष्कळ भांडणे मिटतील.

तर श्रोतेहो, येत्या खंडेनवमीला हत्यारांची आणि अवजारांची पूजा अवश्य करा. मीही करतो. पण झेंडूचे फूल वाहताना त्या अवजाराला मनातल्या मनात एक प्रश्न विचारा, की तू गेल्या वर्षात किती वेळा अडलास, आणि त्यात माझी चूक किती होती? वाड्यातल्या त्या आजोबांना हे कुणी विचारले नाही, त्यांनी पिस्तुलालाही विचारले नाही. ज्याच्याजवळ या प्रश्नाचे उत्तर लिहिलेली वही आहे, त्यानेच 'माझ्या हत्यारावर माझा भरवसा आहे' असे म्हणावे. बाकीच्यांनी खुशाल म्हणावे, की माझ्या आज्याचा होता!